गर्भारपणातील स्वादुपिंडदाह आणि पोटातील बाळ: एकोणतिसाव्या आठवड्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका ३१ वर्षांच्या महिलेचे आहे. ओळख पटू नये म्हणून वय, दिवस आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. निर्णयांचा क्रम आणि त्यांमागची कारणे मात्र जशी होती तशीच ठेवली आहेत. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या पथकात मी प्रसूतितज्ज्ञ म्हणून होते.

त्यांचे हे दुसरे गर्भारपण होते. पहिली प्रसूती चार वर्षांपूर्वी पूर्ण दिवसांनी आणि नैसर्गिकरीत्या झाली होती. मद्यपान नाही, मधुमेह नाही, रक्तदाबाचा त्रास नाही. अठराव्या आठवड्यात जेवणानंतर दोन तासांनी पोटाच्या वरच्या भागात, उजवीकडे, जोरात दुखले आणि आपोआप थांबले. आम्लपित्त समजून त्यावर गोळ्या दिल्या गेल्या. तेविसाव्या आठवड्यात तसेच पुन्हा झाले, तेव्हा सोनोग्राफीत पित्ताशयात चार ते पाच मिलिमीटरचे अनेक खडे दिसले. पित्तनलिका फुगलेली नव्हती. अहवालावर “प्रसूतीनंतर शस्त्रक्रियेचा विचार करावा” एवढीच नोंद झाली आणि विषय तिथेच थांबला. या नोंदीकडे शेवटी पुन्हा यावे लागणार आहे.

गर्भारपणात पित्ताचे खडे होण्याची शक्यता वाढते. इस्ट्रोजेनमुळे पित्तातील कोलेस्टेरॉलचे प्रमाण वाढते आणि प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय सावकाश रिकामे होते. लहान खडा घसरून पित्तनलिकेच्या तोंडाशी अडकला की तिथेच उघडणाऱ्या स्वादुपिंडाच्या नलिकेचाही मार्ग अडतो, पाचकरस स्वादुपिंडातच कार्यरत होतात आणि तीव्र दाह सुरू होतो. हा आजार गर्भारपणात तसा विरळच, साधारण एक हजार ते दहा हजार गर्भवतींमागे एकीला होणारा. मात्र त्याची बहुतेक प्रकरणे शेवटच्या तिमाहीत किंवा बाळंतपणानंतर लगेच घडतात, आणि खडे हे त्याचे सर्वांत मोठे कारण असते.

दाखल होतानाची स्थिती

एकोणतीस आठवडे आणि दोन दिवस झाले असताना मध्यरात्री पोटाच्या मध्यभागी असह्य वेदना सुरू झाल्या. त्या पाठीत जात होत्या आणि पुढे वाकून बसल्यावर थोड्या कमी होत होत्या. उलट्या थांबत नव्हत्या. सकाळपर्यंत वाट पाहून, सुमारे ११ तासांनी त्या रुग्णालयात पोहोचल्या.

नाडी मिनिटाला ११८, रक्तदाब १०४/६६, श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजनची पातळी ९४ टक्के, ताप ३७.९ अंश सेल्सिअस. लघवी सकाळपासून अगदी थोडी झाली होती. गर्भाशय आठ ते दहा मिनिटांनी आकुंचन पावत होते, पण गर्भाशयाचे मुख बंद होते. बाळाच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १७० होते आणि सीटीजीच्या (बाळाचे ठोके आणि कळा कागदावर नोंदवणाऱ्या यंत्राच्या) पट्टीवर ठोक्यांमधले नेहमीचे चढउतार जवळजवळ दिसतच नव्हते.

खाटेवर घेतल्यावर त्यांनी पहिला प्रश्न स्वतःबद्दल विचारला नाही. “माझ्या पोटात जे बिघडलंय, ते बाळाला लागत तर नाही ना?” असे त्या म्हणाल्या. या प्रश्नाचे नेमके उत्तर काय, यावरच पुढचे सगळे निर्णय अवलंबून होते.

निदान कसे ठरले

स्वादुपिंडदाहाचे निदान करण्यासाठी २०१२ च्या सुधारित अटलांटा निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वैशिष्ट्यपूर्ण वेदना, लायपेज किंवा अमायलेज ही स्वादुपिंडातील विकरे (पाचक द्रव्ये) रक्तात सामान्य मर्यादेच्या किमान तिप्पट, आणि प्रतिमेत दिसणारा दाह. लायपेज २,३४० आले. प्रयोगशाळेची कमाल मर्यादा ६० होती. वेदना तशाच होत्या. निदान तेवढ्यावरच पक्के झाले आणि सीटी स्कॅनची गरज उरली नाही. यकृताचे एएलटी हे विकर २१२ होते. सुरुवातीच्या काळात ते १५० च्या वर असेल, तर दाह खड्यांमुळे झाल्याची शक्यता खूप वाढते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातील मेद, ३१० होते. शेवटच्या तिमाहीत ते एरवीच्या दुप्पट-तिप्पट होतातच. स्वादुपिंडाला धोका साधारणपणे १,००० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे सुरू होतो, म्हणून ते कारण बाजूला पडले. यकृताच्या चाचणीतले दुसरे विकर, अल्कलाइन फॉस्फटेज, वाढलेले होते, पण वार स्वतःच ते तयार करते, त्यामुळे गर्भवतीत त्या आकड्यावरून काही ठरवता येत नाही.

त्याच वेळी दुसऱ्या शक्यता तपासून सोडाव्या लागल्या. पोटाच्या वरच्या भागातील दुखणे, उलट्या आणि बिघडलेली यकृत चाचणी हे चित्र गंभीर प्रीएक्लॅम्प्सियात (गर्भारपणात रक्तदाब वाढून होणारा आजार), हेल्प सिंड्रोममध्ये (त्याचेच यकृत आणि प्लेटलेट बिघडवणारे रूप) आणि गर्भारपणातील यकृताच्या तीव्र मेदविकारातही दिसते, आणि त्या तिन्हींत उपचाराची दिशा अगदी उलट असते: तिथे प्रसूती हाच उपचार असतो. रक्तदाब कमीच होता, लघवीत प्रथिने नव्हती, प्लेटलेट १,९८,००० होते, रक्तातील साखर आणि रक्त गोठण्याच्या चाचण्या योग्य होत्या. वार आधीच सुटण्याची शक्यताही पाहिली. रक्तस्राव नव्हता आणि दोन आकुंचनांच्या मध्ये गर्भाशय मऊ पडत होते.

आजाराची तीव्रता ठरवताना मात्र आमची पहिली अडचण झाली. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिन १.१ आले होते. तीव्रता मोजण्याच्या तक्त्यात या आकड्याला शून्य गुण मिळतात. पण याच महिलेचे क्रिएटिनिन पाच आठवड्यांपूर्वी ०.५ होते, म्हणजे ते दुपटीहून अधिक झाले होते. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ४२ होते. गर्भारपणात रक्त पातळ होत असल्याने त्यांचे दोन आठवड्यांपूर्वीचे हिमॅटोक्रिट ३३ होते. धमनीतील रक्ताच्या तपासणीत पीएच ७.३२ (म्हणजे रक्तात आम्ल वाढलेले) आणि कार्बन डायऑक्साइड ३६ निघाले. एरवी ३६ हा आकडा निर्दोष मानला जाईल. गर्भवतीचा श्वास खोल चालत असल्यामुळे तिच्यात तो २८ ते ३२ च्या आसपास असायला हवा. पोटाच्या वेदनेमुळे त्यांना पुरेसा श्वास घेता येत नव्हता, हे त्या “सामान्य” आकड्यात दडलेले होते. हे सगळे तक्ते गर्भवती नसलेल्या रुग्णांवरून बनलेले आहेत. आम्ही गुणांवर विसंबलो नाही, त्यांच्या स्वतःच्या आधीच्या अहवालांशी तुलना केली आणि हा आजार सौम्य नाही असे धरून त्यांना अतिदक्षता विभागात हलवले. माझ्या मते पहिल्या तासातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच होता.

बाळाला नेमका धोका कशाचा होता

स्वादुपिंडाचा दाह बाळापर्यंत थेट पोहोचत नाही. त्याचा फटका आईच्या शरीरात होणाऱ्या बदलांतून बाळाला बसतो, आणि त्यातले बरेचसे बदल उपचारांनी सुधारता येतात.

दाह सुरू झाला की रक्तवाहिन्यांतील पाणी पाझरून पोटात साठते आणि आईचे रक्ताभिसरण आकसते. अशा वेळी शरीर हृदय आणि मेंदू यांचा पुरवठा आधी राखते. गर्भाशयाचा पुरवठा त्यासाठी कमी केला जातो. गर्भाशयाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या गर्भारपणात आधीच जवळजवळ पूर्ण रुंदावलेल्या असतात, त्यामुळे दाब घटला तर आणखी रुंदावून तूट भरून काढणे त्यांना शक्य नसते. परिणामी आईचा रक्तदाब “ठीक” दिसत असतानाच वारेकडचे रक्त कमी झालेले असू शकते. शिवाय आईच्या रक्तात आम्ल वाढले की बाळाला स्वतःच्या रक्तातील आम्ल वारेतून बाहेर टाकणे कठीण जाते, आणि आईच्या ऑक्सिजनमध्ये थोडी घट झाली तरी बाळाकडे राखीव साठा फारसा नसतो. म्हणून गर्भवतीची ऑक्सिजन पातळी ९५ टक्क्यांच्या वर ठेवण्याचा आग्रह धरला जातो. दुसऱ्या रुग्णात ९२ किंवा ९३ चालून जाईल, इथे नाही. तापामुळे आणि आईच्या वाढलेल्या नाडीबरोबर बाळाचे ठोकेही वाढतात.

दुसरा धोका कळांचा. दाहातून निघणारी रासायनिक द्रव्ये कळा आणणारे प्रोस्टाग्लँडिन वाढवतात, निर्जलीकरण त्यात भर घालते आणि गर्भाशय वेळेआधीच आकुंचन पावू लागते. या आजारात बाळाचे सर्वाधिक नुकसान अकाली जन्मामुळे होते. गर्भ पोटातच दगावण्याचा धोकाही असतो. तो मुख्यतः आईचे अवयव निकामी होऊ लागले, आम्लता वाढली किंवा उपचारांना उशीर झाला तर वाढतो. १९७० च्या दशकातील आढाव्यांत माता आणि गर्भ या दोघांच्याही मृत्यूचे प्रमाण ३७ टक्क्यांपर्यंत नोंदवले गेले होते. आज आईचा मृत्यू विरळ झाला आहे आणि बाळांचेही प्रमाण पुष्कळ घटले आहे. लवकर निदान, अतिदक्षता विभाग आणि नवजात बालकांची शुश्रूषा या तिन्ही गोष्टी सुधारल्याचा हा परिणाम आहे.

तिसरा धोका सावकाश दिसतो. आईला बरेच दिवस पोषण मिळाले नाही, किंवा वारेच्या रक्तपुरवठ्याला धक्का बसला, तर पुढच्या आठवड्यांत बाळाची वाढ मंदावू शकते.

त्यांच्या प्रश्नाला मी दिलेले उत्तर असे होते: “आजार तुमच्या स्वादुपिंडात आहे, बाळात नाही. पण तुमचं रक्त आणि तुमचा श्वास हाच त्याचा पुरवठा आहे, म्हणून आधी तो सुधारू. बाळावर आमची सतत नजर राहील.”

समोर असलेले पर्याय

दाखल झाल्यानंतर दीड तासाने सीटीजीवर दोन वेळा कळ ओसरल्यानंतर बाळाचे ठोके उशिराने खाली आले आणि पुन्हा वर गेले. अशी उशिराची घट ऑक्सिजनच्या कमतरतेचे लक्षण मानली जाते. चढउतार अजूनही कमीच होते. त्या क्षणी तीन पर्याय समोर होते.

तातडीचे सिझेरियन करावे, असे एका सहकाऱ्याचे मत होते आणि ते निराधार नव्हते. पट्टी खरोखरच चिंताजनक होती, आणि थांबल्यामुळे बाळ दगावले असते तर त्याचे उत्तर कोणाकडेही नव्हते. भूलतज्ज्ञांनी दुसरी बाजू मांडली. रक्ताभिसरण आकसलेले, ऑक्सिजन कमी, पोट उलट्यांनी भरलेले. अशा आईला भूल दिली तर रक्तदाब आणखी घसरून बाळाचा पुरवठा नेमका त्याच काही मिनिटांत आणखी तुटला असता. बाळ एकोणतीस आठवड्यांचे होते आणि फुप्फुसांसाठीचे स्टिरॉइड अजून मिळायचे होते. सुसज्ज नवजात विभागात या वयाची बहुतेक बाळे जगतात, हे खरे. पण श्वासाचा त्रास, मेंदूतील रक्तस्राव, आतड्यांचा दाह आणि दीर्घकाळचा फुप्फुसांचा दुबळेपणा यांची जोखीम सोबत येते.

दुसरा पर्याय म्हणजे कळा थांबवण्याचे औषध लगेच सुरू करणे. निफेडिपिनने रक्तदाब उतरतो, आणि तो आधीच नाजूक होता. इंडोमेथासिन या वयात कळा थांबवते, पण मूत्रपिंडे त्रासात असताना ते देणे आम्हाला धोक्याचे वाटले.

तिसरा पर्याय ठराविक मुदतीसाठी आईवर पूर्ण ताकदीने उपचार करण्याचा आणि बाळाचा प्रतिसाद पाहण्याचा होता. बाळाचे बिघडलेले ठोके हे आईच्या बिघाडाचे प्रतिबिंब असतील, तर आई सुधारताच ते सुधारले पाहिजेत. नाही सुधारले, तर आपला तर्क चुकला असे समजून लगेच प्रसूती करायची.

आम्ही तिसरा पर्याय निवडला आणि त्याला साठ मिनिटांची मर्यादा घातली. शस्त्रक्रियागृह तयार ठेवले. ठोके सलग ११० च्या खाली राहिले, ऑक्सिजन आणि सलाईन देऊनही उशिराची घट होतच राहिली, वार सुटल्याची चिन्हे दिसली, किंवा आईची स्थिती उपचारांनी सुधारण्याऐवजी ढासळू लागली, तर न थांबता सिझेरियन करायचे. हे चारही मुद्दे फळ्यावर लिहिले. मर्यादा लिहून ठेवल्यामुळे वाट पाहणे म्हणजे निर्णय टाळणे राहिले नाही, आणि सिझेरियनच्या बाजूने असलेल्या सहकाऱ्यालाही ती मान्य झाली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हाच प्रसंग छत्तिसाव्या आठवड्यात आला असता, तर तराजू प्रसूतीकडे झुकला असता. दाहाचे कारण खूप वाढलेले ट्रायग्लिसराइड असते, तरी विचार वेगळा झाला असता: इन्शुलिनची धार, गरज पडल्यास प्लाझ्मा बदलणे, आणि शेवटच्या तिमाहीत ते आटोक्यात येत नसतील तर प्रसूती, कारण प्रसूतीनंतर ते लवकर उतरतात. खड्यांमुळे झालेल्या दाहात बाळ बाहेर काढल्याने आईच्या स्वादुपिंडाला थेट काही लाभ होत नाही. स्वादुपिंडदाह एवढे एकच कारण सिझेरियनला पुरेसे नाही.

पहिले सहा तास

त्यांना डाव्या कुशीवर वळवले, जेणेकरून गर्भाशयाचे वजन मोठ्या शिरेवरून उतरेल आणि हृदयाकडे परतणारे रक्त वाढेल. ऑक्सिजन सुरू केला. रिंगर लॅक्टेट हे सलाईन वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० मिलिलिटर, म्हणजे सुमारे ७८० मिलिलिटर, पहिल्या टप्प्यात दिले आणि पुढे तासाला किलोमागे दीड मिलिलिटर ठरवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत भरमसाट सलाईन देण्याने लाभ झाला नव्हता, उलट शरीरात पाणी साठण्याचे प्रमाण वाढले होते. गर्भवतीच्या फुप्फुसांत पाणी लवकर साठते, त्यामुळे हे तत्त्व इथे अधिकच लागू होते.

वेदनेसाठी फेंटानिल थोड्या-थोड्या मात्रेत दिले. अशा औषधाने बाळाच्या ठोक्यांतील चढउतार कमी होतात, म्हणून पट्टी वाचताना गोंधळ होईल ही शंका होती. पण वेदना कमी झाल्याशिवाय आई खोल श्वास घेणार नव्हती. औषध दिल्याची वेळ पट्टीवरच लिहिली. फुप्फुसांसाठीच्या स्टिरॉइडचा, म्हणजे बीटामेथासोनचा, १२ मिलिग्रॅमचा पहिला डोस लगेच आणि दुसरा २४ तासांनी ठरला. बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठीचे मॅग्नेशियम सल्फेट तयार ठेवले, सुरू केले नाही: प्रसूती खरोखर जवळ आली तरच द्यायचे, कारण मूत्रपिंडे मंदावलेली असताना ते शरीरात साठते आणि आधीच घटलेले कॅल्शियम आणखी उतरवू शकते.

चाळिसाव्या मिनिटाला लघवी वाढू लागली. नाडी १०४ वर आली. बाळाचे ठोके १६० वर उतरले, उशिराची घट पुन्हा दिसली नाही. सोनोग्राफीत गर्भजल पुरेसे होते, बाळ हातपाय हलवत होते आणि नाळेतील रक्तप्रवाह डॉपलरमध्ये योग्य होता. साठाव्या मिनिटाला पथकाने प्रसूती न करण्याचा निर्णय कायम केला. तिसऱ्या तासाला ठोके १५० ते १५५ झाले, चढउतार परत आले आणि कळा कोणतेही औषध न देता विरत गेल्या.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी ऑक्सिजनची गरज कमी होण्याऐवजी वाढली. छातीच्या डाव्या बाजूला पाणी जमले होते. हिशेब केल्यावर कळले, की ठरलेल्या प्रमाणाने वीस तासांत साधारण तीन लिटर सलाईन जायला हवे होते. प्रत्यक्षात पाच लिटरहून अधिक गेले होते. अतिदक्षता विभागाने एक जादा मात्रा दिली, प्रसूती विभागाने लघवी कमी वाटल्यावर दुसरी सांगितली, आणि औषधांसोबत जाणारे पाणी कोणीच मोजले नाही. बाळाचा पुरवठा वाचवण्यासाठी दिलेले पाणीच आता आईच्या श्वासाच्या आड येऊन बाळाचा ऑक्सिजन कमी करू पाहत होते. सलाईन कमी केले, सगळ्या सूचना एकाच डॉक्टरांकडे सोपवल्या. ३६ तासांनंतर ऑक्सिजनची गरज उतरू लागली. अवयवाचा बिघाड ४८ तासांच्या आत सावरला, त्यामुळे वर्गीकरणानुसार आजार मध्यम तीव्रतेचा ठरला.

त्याच दिवशी ताप ३८.१ झाला. रक्ताची तपासणी जंतूंसाठी पाठवली, पण प्रतिजैविके सुरू केली नाहीत. सुरुवातीच्या दिवसांतला ताप बहुधा दाहाचाच असतो आणि संसर्गाचा पुरावा नसताना केवळ प्रतिबंध म्हणून ती देण्याने लाभ होत नाही. तपासणीत जंतू आढळले नाहीत. पित्तनलिका दाखल झाल्यावरच्या पहिल्या सोनोग्राफीत आठ मिलिमीटर रुंद दिसली होती, म्हणून रंगद्रव्य न देता एमआरआय करून नलिका पाहिली. खडा निसटून गेला होता आणि काविळीचे बिलिरुबिनही उतरत होते. नलिकेत अडकलेला खडा किंवा पित्तनलिकेचा संसर्ग असता, तर गर्भाशयाला किरणांपासून आडोसा देऊन, कमीत कमी क्ष-किरण वापरून एंडोस्कोपीने तो काढावाच लागला असता; तशी गरज पडली नाही. रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी हेपरिन मात्र दिले, कारण गर्भारपण, दाह आणि अंथरुणावरचे दिवस एकत्र आले की तो धोका मोठा असतो.

दुसरा प्रसंग तिसऱ्या दिवशी आला. आईला बाळाची हालचाल कमी जाणवू लागली आणि सीटीजीवर चढउतार पुन्हा घटले. पुन्हा सिझेरियनचा विषय निघाला. बीटामेथासोननंतर काही दिवस बाळाची हालचाल आणि ठोक्यांतील चढउतार तात्पुरते कमी होतात, हे माहीत असल्यामुळे आम्ही थांबलो. पण केवळ तेवढ्यावर विसंबलो नाही. आईची नाडी, आम्लता आणि ऑक्सिजन पुन्हा तपासले, तिन्ही सुधारलेले होते. नाळेचा डॉपलर आणि गर्भजल योग्य होते. पाचव्या दिवशी हालचाल पूर्ववत झाली. स्टिरॉइडचा हा परिणाम विसरल्यामुळे एखादे बाळ अकाली जन्माला येऊ शकते, तसेच प्रत्येक मंद पट्टी स्टिरॉइडच्या खात्यावर टाकल्याने एखादे गमावलेही जाऊ शकते. स्टिरॉइडने आईची साखर १९० च्या पुढे गेली आणि चार दिवस इन्शुलिन द्यावे लागले.

तोंडाने अन्न सुरू करण्याचा प्रयत्न ३६ तासांनी केला, तो उलट्यांमुळे फसला. तिसऱ्या दिवशी नाकातून बारीक नळी घालून पोषण सुरू केले आणि सातव्या दिवशी त्या स्वतः खाऊ लागल्या.

पित्ताशयाचे काय करायचे

घरी पाठवण्यापूर्वी हा शेवटचा मोठा निर्णय होता. पित्ताशय तसेच ठेवले तर खड्यांमुळे होणारा दाह उलटण्याची शक्यता मोठी असते, आणि उलटलेला दाह बाळाला पुन्हा त्याच संकटात टाकतो. सौम्य दाहात त्याच मुक्कामात पित्ताशय काढणे योग्य मानले जाते आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया गर्भारपणाच्या कोणत्याही तिमाहीत करता येते. पण या प्रकरणात दाह सौम्य नव्हता, स्वादुपिंडाभोवती द्रव साठलेला होता आणि गर्भाशय एकतीस आठवड्यांचे झाले होते. शल्यचिकित्सकांनी द्रव विरेपर्यंत थांबण्याचा सल्ला दिला. एंडोस्कोपीने पित्तनलिकेचे तोंड रुंद करून ठेवण्याचा पर्यायही चर्चेत आला. त्या प्रक्रियेनेच दाह होऊ शकतो, म्हणून नलिका मोकळी असताना तो सोडला.

बाराव्या दिवशी, कमी स्निग्धतेचा आहार आणि दर आठवड्याची तपासणी ठरवून त्यांना घरी पाठवले. दुखायला लागल्यास सकाळची वाट पाहायची नाही, हे पती-पत्नी दोघांनाही समोर बसवून सांगितले.

निष्पत्ती

तेहतिसाव्या आठवड्यात बाळाच्या पोटाचा घेर पंचेचाळिसाव्या शतमकावरून (त्याच वयाच्या शंभर बाळांत मापाने कितवे, हे दाखवणारा क्रमांक) अठराव्यावर घसरलेला दिसला. नाळेचा प्रवाह योग्य होता, म्हणून तपासण्या आठवड्यातून दोनदा केल्या आणि प्रसूती पुढेच ढकलली. छत्तीस आठवडे आणि एक दिवस झाले असताना कळा आपोआप सुरू झाल्या आणि नैसर्गिक प्रसूती झाली. दाखल झाल्या त्या दिवसापासून ४८ दिवस मिळाले होते. मुलीचे वजन २,३५० ग्रॅम भरले. श्वास थोडा जलद आणि साखर कमी असल्यामुळे ती दोन दिवस नवजात विभागात राहिली, तिला कृत्रिम श्वास लागला नाही. पित्ताशय प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी काढले. नऊ महिन्यांच्या तपासणीत मुलीची वाढ वयानुरूप होती.

वारेच्या तपासणीत रक्तपुरवठा तुटल्याच्या काही जुन्या, लहान खुणा सापडल्या. त्या त्या रात्रीच्याच होत्या असे सिद्ध करता येत नाही, पण मंदावलेल्या वाढीशी त्या जुळतात.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत मोठी संधी तेविसाव्या आठवड्यात निसटली. दोनदा दुखून गेलेले, लहान आणि अनेक खडे असलेले पित्ताशय समोर होते, आणि लहान खडेच नलिकेत सहज घसरतात. दुसरी तिमाही ही शस्त्रक्रियेसाठी सर्वांत सोयीची: गर्भाशय अजून आटोक्यात असते आणि अकाली कळांची भीतीही कमी असते. त्या वेळी शल्यचिकित्सकांकडे पाठवून, शस्त्रक्रियेची आणि थांबण्याची जोखीम दोन्ही आईसमोर मांडायला हवी होती. त्यांनी कदाचित थांबणेच निवडले असते. पण निवडायला कोणी सांगितलेच नाही, आणि “प्रसूतीनंतर पाहू” हे वाक्य बाळाच्या काळजीपोटी लिहिले गेले असले, तरी त्याची किंमत बाळानेच मोजली.

अठराव्या आठवड्यात, जेवणानंतर उजवीकडे उठणाऱ्या दुखण्याला आम्लपित्त म्हणण्याआधी एक सोनोग्राफी व्हायला हवी होती. घरी गेलेले ११ तासही त्यातलेच: खडे सापडले त्या दिवशी धोक्याची लक्षणे सांगितली असती, तर त्या मध्यरात्रीच आल्या असत्या आणि बाळाचे ठोके १७० वर पोहोचण्याआधी सलाईन सुरू झाले असते.

जादा सलाईनचा दोष सर्वस्वी आमचा होता. आता अशा प्रत्येक रुग्णासाठी पहिल्या तासातच एक जबाबदार डॉक्टर ठरतो आणि दर सहा तासांनी आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या पाण्याचा हिशेब प्रसूती आणि अतिदक्षता विभाग एकत्र बसून करतात.

एक चूक कागदावर दिसत नाही. त्या साठ मिनिटांत पथक फळ्यासमोर उभे होते, शस्त्रक्रियागृह तयार होते, आणि पती बाहेर बाकावर बसून होते. नवजात तज्ज्ञ त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी दुपारी बोलले. बाळ कोणत्याही क्षणी एकोणतीस आठवड्यांचे जन्मू शकते, जन्मल्यास काय होईल, आणि आम्ही का थांबलो आहोत, हे त्या दोघांना त्याच तासात सांगायला हवे होते. नंतर भेटल्यावर त्या म्हणाल्या, की ठोक्यांचा आवाज मध्येच मंद झाला तेव्हा खोलीत सगळे गप्प झाले होते, आणि पुढचा तासभर बाळ गेले असेच त्या समजत होत्या.